बॉयलरचा दोर आणि आईच्या वाती

दोर घरी आणला तेव्हा आबांनी तो बराच वेळ बोटांत फिरवून पाहिला.

"कापूस न्हवं," ते म्हणाले. "लोकर बी न्हवं. काय हाय हे?"

"दगड आहे, आबा."

"दगडाचा दोर?"

"खाणीतून निघतो. जळत नाही म्हणून साखर कारखान्यात बॉयलरच्या दाराला लावतात. ॲस्बेस्टॉस म्हणतात त्याला."

त्यांनी आईकडून काडेपेटी मागून घेतली आणि पेटती काडी दोराच्या टोकाला धरली. टोक लाल झालं. काडी विझली तसं ते पुन्हा पांढरं झालं. "आयला," आबा म्हणाले, आणि हसताना त्यांना खोकल्याची उबळ आली. ती थांबेपर्यंत मी आणि आई नेहमीप्रमाणे दुसरीकडे बघत राहिलो.

ही नव्वदीच्या मधली वर्षं. मी सांगलीतल्या एका कॉलेजात तासांवर रसायनशास्त्र शिकवत होतो आणि पीएच.डी. करत होतो. गावभागात दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. आमचं मूळ गाव विट्याच्या पलीकडं. तिकडची माणसं देशभर गलाईला जातात. सराफाकडून जुने दागिने, घासणीतली धूळ, भट्टीची राख घ्यायची, वितळवायची, तेजाबात टाकायची आणि चोख सोनं वेगळं काढायचं. आबा पंधराव्या वर्षी तमिळनाडूतल्या एका शहरात गेले आणि पंचावन्नाव्या वर्षी परत आले. दुकान म्हणजे दहा बाय दहाची खोली, एक भट्टी आणि एक खिडकी. तेजाबाचा तांबूस धूर खिडकीतून जाई तेवढा जाई. उरलेला ते चाळीस वर्षं ओढत राहिले. परत आले तेव्हा तीन पायऱ्या चढल्या की त्यांना कठड्याला धरून उभं राहावं लागे.

मिरजेच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाला धरून सांगितलं होतं, "यातलं जे गेलं ते परत येणार नाही. उरलंय ते सांभाळा. धूर नको, धूळ नको." हे सांगताना मी तिथं होतो. पुढं जे झालं त्यात मला माहीत नव्हतं असं म्हणायला जागा राहू नये, म्हणून हे आधीच लिहून ठेवतो.

त्या काळात कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांचा मोठा बोलबाला होता. परदेशी नियतकालिकं कॉलेजात दोन-तीन महिन्यांनी पोचत आणि प्रत्येक अंकात त्या नळ्या असत. माझे मार्गदर्शक सर ते अंक वाचून ठेवून देत. एके दिवशी ते म्हणाले, "कार्बनच्या नळ्या आपल्याला कोण देणार? आपल्या नळ्या साखर कारखान्यात मिळतात. बॉयलरच्या दाराला गुंडाळलेल्या असतात." मला ती चेष्टा वाटली. मग त्यांनी एका जुन्या पुस्तकातलं छायाचित्र दाखवलं. पांढऱ्या ॲस्बेस्टॉसचा प्रत्येक तंतू आतून पोकळ असतो. त्यात दोन थर एकमेकांना चिकटलेले असतात, एक वाळूच्या जातीचा आणि एक मॅग्नेशियमचा. दोघांची मापं जुळत नाहीत. त्यामुळं ते सपाट राहू शकत नाहीत आणि सुरळीच्या वडीसारखे गुंडाळले जातात. मॅग्नेशियमचा थर बाहेरच्या अंगाला येतो. केसाच्या जाडीत अशा दोन-तीन हजार नळ्या शेजारी शेजारी मावतील.

या नळीवर पॉलिअ‍ॅनिलिनचा थर चढवायचा, हा माझा विषय. पॉलिअ‍ॅनिलिन हे पॉलिमर आहे, म्हणजे प्लास्टिकच्याच गोतातलं, पण त्यातून वीज जाते. तांब्याइतकी नाही, पण जाते. नळी दगडाची आणि अंगरखा विजेचा, असं सर म्हणत. पद्धत सोपी होती. तंतू मोकळे करून सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात घालायचे, त्यात ॲनिलिन घालायचं, भांड्याभोवती बर्फ ठेवायचा आणि वरून थेंब थेंब दुसरं एक रसायन सोडायचं. बर्फ मी गोळेवाल्याकडून आणत असे. काही वेळानं पांढरे तंतू निळे होत, मग गर्द हिरवे. नंतर ते आम्लाच्या पाण्यातच दोन दिवस धुवायचे. साध्या पाण्यानं धुतलं तर हिरवा रंग जातो आणि त्याबरोबर वीजही जाते.

अवघड होतं ते दोर पिंजणं. मिक्सरमध्ये फिरवला तर तंतू तुटत. हातानं मोकळे करायला माझ्याकडं वेळ नव्हता, कारण सकाळी कॉलेजात तास असत. रविवारी मी घरी कागद पसरून बसलो तेव्हा आबा थोडा वेळ बघत होते.

"तू शेणी थापल्यावानी करायलायस," ते म्हणाले. "दे हिकडं."

त्या दिवसापासून ते काम त्यांचं झालं. सोन्याचे कण उचलायचा आपला चिमटा त्यांनी ट्रंकेतून काढला. सकाळी चहा झाला की खिडकीखाली घोंगडी टाकून बसत. दोराचा पीळ उलगडत, एकेक पदर सोडवत, आणि समोर तीन ढीग लावत. लांब तंतू, मध्यम तंतू आणि चुरा. गलाईत मालाची प्रत लावायची सवय त्यांनी इथंही सोडली नाही. परत आल्यापासूनच्या पाच वर्षांत मी त्यांना असं बसलेलं पाहिलं नव्हतं. त्याआधी दिवसभर ते दाराशी बसून रस्त्यावरच्या माणसांना वेळ विचारत.

खिडकीतून तिरीप आत आली की त्यांच्या हाताभोवती धूळ तरंगताना दिसे. ती खाली बसायला वेळ लागे. संध्याकाळी आई केरसुणीनं झाडून घेई, तेव्हा ती पुन्हा वर येई.

"आवं, आरशात बघा जरा," आई म्हणे. "मिशीला पीठ लागलंय. गिरणीतनं आल्यावानी दिसताय."

"गिरणीवालाच हाय मी. लेकाचं दळण दळतोय."

"दळताय खरं, पर पोटाला काय मिळायचं त्यातनं?"

"डाक्टर हुईल की त्यो."

"सुई टोचायचा डाक्टर न्हवं म्हणं त्यो."

"मग बरंच हाय की. लोकं भ्याची न्हाईत."

नवरात्र संपल्यावर एका शनिवारी मी कोल्हापूरला विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेलो. या दगडाच्या रचनेवरचं एक पुस्तक हवं होतं. ते मिळालं. त्याच्याच शेजारी कारखान्यांतल्या कामगारांच्या आरोग्यावरचं एक जाड पुस्तक होतं. सूचीत ॲस्बेस्टॉस दिसलं म्हणून उघडलं. हे तंतू श्वासातून आत जातात आणि बाहेर येत नाहीत, फुफ्फुसाला आतून वण पडत जातात, वीस-तीस वर्षांनी कर्करोगही होतो, खाणीतल्या माणसांनाच नाही तर त्यांचे कपडे धुणाऱ्या बायकांनाही होतो, असं तिथं लिहिलं होतं. मी ते पान दोनदा वाचलं. पहिल्या पुस्तकातून मी त्या दिवशी सहा पानं टिपणं काढली. दुसऱ्यातून एक ओळही काढली नाही.

परतीच्या एसटीत मी हिशेब करत होतो. वीस-तीस वर्षं. आबा साठीचे. त्यांची छाती तशीही किती वर्षं चालणार होती? हा विचार मी केला. त्याला दुसऱ्या कुठल्या शब्दांत लिहिता येत नाही. सरांनी सांगितलं होतं की शोधनिबंध फाल्गुनाच्या आत पाठवायचा आणि त्यावर प्रबंध उभा करायचा. कॉलेजात कायमची एक जागा निघणार होती. आबांसारखा दोर पिंजणारं दुसरं कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी एक जुना पंचा त्यांच्यापुढं ठेवला. "आबा, हा तोंडाला बांधून बसत जा. धूळ जाते नाकात."

"धूळच हाय, धूर तर न्हाई," ते म्हणाले. पंच्यानं त्यांना श्वास घ्यायला त्रास होई. दुपारपर्यंत तो खुंटीवर गेला. मी सांगितलं होतं, अशी मी माझी समजूत करून घेतली. खरं म्हणजे मी काहीच सांगितलं नव्हतं.

दिवाळीच्या आधी आई वाती वळायला बसली. दरवर्षी ती कापसाच्या वळे. त्या वर्षी आबांच्या तिसऱ्या ढिगातला चुरा तिच्या नजरेला आला. पांढरा, मऊ, पिंजलेला. टाकायला तिचं मन होईना. तिनं चिमूटभर घेऊन पायाच्या नळीवर हाताच्या तळव्यानं वळून पाहिलं आणि चांगला पीळ बसला. संध्याकाळी ती वात निरांजनात तेल घालून लावली. सकाळी तेल संपलं होतं आणि वात तेवढीच होती.

मी कॉलेजातून आलो तेव्हा शेजारच्या काकू आमच्या देव्हाऱ्यापुढं वाकून बघत होत्या.

"खरंच की वं! टोक जरा काळं झालंय, बाकी तश्शीच," काकू म्हणाल्या. "जादू हाय का काय?"

"दगडाची वात हाय," आई म्हणाली. तिच्या आवाजात अभिमान होता. "ह्याच्या शाळंतला दगड."

"तुमच्या म्हाताऱ्यानं जल्मभर सोनं गाळलं, आता वाती गाळायलाय व्हय?"

आबा घोंगडीवरून म्हणाले, "सोनं दुसऱ्याचं हुतं वैनी. वात आपली हाय."

सगळे हसले. मी दारात चपला काढत होतो. आईनं पायाच्या नळीवर ते तंतू वळले होते, तिच्या पातळावर चुरा होता. त्या क्षणी एक वाक्य बोलायचं होतं. पण ते वाक्य वातीपाशी थांबणारं नव्हतं, खिडकीखालच्या घोंगडीपर्यंत जाणार होतं. मी हातपाय धुवायला मोरीत गेलो.

दिवाळीत गल्लीतल्या सहा घरी आमच्या वाती गेल्या. आईला देण्यासारखं काही मिळालं की ती देई, आणि आयुष्यात तिच्याकडं देण्यासारखं फार थोडं आलं होतं. तुळशीचं लग्न झाल्यावर काकूंच्या मुलीचं लग्न लागलं. ती फलटणला दिली. रुखवतात लाडू, चिरोटे, विणलेले रुमाल होते, आणि एका चांदीच्या वाटीत लाल दोऱ्यानं बांधलेल्या पाच वाती होत्या. त्या आईनं मुद्दाम लांब तंतूंच्या वळून दिल्या होत्या. पुढं लावलेल्या चिठ्ठीवर काकूंनी माझ्याकडूनच लिहून घेतलं, 'न सरणारी वात'. माझं अक्षर चांगलं होतं.

हिवाळा कामात गेला. हिरवा माल सुकवून, दाबून, मी त्याच्या वड्या पाडल्या आणि मल्टिमीटरच्या दोन सुया टेकवल्या. काटा हलला. सरांनी पुन्हा पुन्हा सुया टेकवून पाहिलं. नुसत्या पांढऱ्या दोराचा तुकडा लावला तर काटा जागचा हलत नव्हता. सर कधी चहा पाजत नसत, त्या दिवशी त्यांनी पाजला. हिरवे तंतू बोटांत धरले की त्यांचा भुगा होई, पण आम्हाला त्याचं बरंच वाटलं, कारण वडी छान दाबली जाई.

थोडा हिरवा माल मी कागदात बांधून आबांना दाखवायला घरी नेला. इतके महिने त्यांनी पिंजलेल्या दोराचं काय झालं ते त्यांनी पाहिलं नव्हतं. त्यांनी चिमूट घेतली, अंगठा आणि तर्जनीमध्ये चोळली आणि हात झटकला.

"ह्यो मेलाय," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"दोर मेलाय रं. मी दिला तवा जित्ता हुता, वढला तर बोट कापायचा. आता बघ. कशात टाकतूस तू हे?"

"ॲसिडमध्ये. पण ॲसिडचा याच्यावर परिणाम होत नाही, आबा. आमच्याकडं ॲसिड गाळायलाच ॲस्बेस्टॉस वापरतात. बाटलीवर छापलेलं असतं."

"नुसता दोर टाकून बगिटलास का? रंग-बिंग न घालता?"

गलाईत नवा माल आला की आधी गुंजभर तेजाबात टाकून बघायचा आणि मग बाकीचा, हे मी लहानपणापासून ऐकलं होतं. रसायनशास्त्रातही तेच शिकवतात. ज्यात बाकी सगळं तेच पण मुख्य गोष्ट वगळलेली, असा कोरा प्रयोग आधी करायचा. मी दर वर्षी पहिल्या वर्षाच्या मुलांना ते सांगत होतो. आम्ही तो केलाच नव्हता.

आबांनी माझ्याकडून बाटलीत ॲसिड मागवलं. आपला सोनं तोलायचा लहान काटा काढला, लांब तंतूंचा एक झुबका तोलला आणि बाटलीत सोडला. बाटली परड्यात उन्हात ठेवली आणि वर फरशीचा तुकडा झाकला. आठ दिवस रोज ते तिथं जाऊन उभे राहत. आठव्या दिवशी धुऊन, वाळवून पुन्हा तोलला. निम्मा उरला होता. बोट लावलं तर पीठ झालं.

"तुझ्या तेजाबानं ह्याचं कातडं खाल्लं," ते म्हणाले. "आन तू त्या कातड्यावर अंगरखा घालायला निघालास." त्यांच्या बोलण्यात चूक पकडल्याचा आनंद होता. चाळीस वर्षांची विद्या लेकाच्या कामी आली असं त्यांना वाटत होतं.

मी बाटली घेऊन सरांकडं गेलो. त्यांनी ती बराच वेळ पाहिली. ॲसिडला दाद न देणारा ॲस्बेस्टॉस वेगळ्या जातीचा असतो, बॉयलरच्या दोराचा पांढरा वेगळा. नाव एक, दगड दोन. पांढऱ्याचा बाहेरचा मॅग्नेशियमचा थर आम्लात विरघळतो, आणि आम्ही थर चढवत होतो तो त्याच्यावर. काटा हलला होता तो नुसत्या पॉलिमरच्या भुग्यामुळं. सर म्हणाले, "हे पुस्तकात होतं. आपण छायाचित्रं बघत बसलो." निबंध त्यांनी फाडला नाही, खणात ठेवला. पुढं दुसऱ्या एका मातीच्या नळ्या घेऊन माझा प्रबंध झाला, पण तो नंतर, आणि त्याची इथं गरज नाही.

त्या दुपारी मी घरी आलो तेव्हा आबा घोंगडीवर बसून उरलेला दोर उलगडत होते. दुसऱ्या कशात टाकून बघू, असं त्यांच्या मनात असावं. मी त्यांच्यासमोर बसलो आणि सांगितलं. पुस्तकातलं पान, छातीतले वण, वीस-तीस वर्षं, कपडे धुणाऱ्या बायका. मला दोराची गरज उरली नव्हती. त्याच दिवशी मला त्यांच्या छातीची आठवण झाली.

आबांनी चिमटा खाली ठेवला.

"कवा वाचलंस?"

"नवरात्र झाल्यावर."

त्यांनी अंगठ्यानं बोटांची पेरं मोजली. आश्विनापासून फाल्गुनापर्यंत.

"म्हंजे वाती वळल्या तवा तुला ठावं हुतं."

"हो."

"तुझ्या आयला सांगिटलंस?"

"नाही."

ते मला काही बोलले नाहीत. बोलले असते तर मी आज हे लिहिलं नसतं, असं कधी कधी वाटतं. त्यांनी आईला हाक मारून मला तिच्यापुढं सगळं पुन्हा सांगायला लावलं आणि भिंतीला धरून उठून टोपी घातली. "चल," म्हणाले.

सहा घरं. प्रत्येक घरापुढं पायऱ्या. मी म्हटलं, मी एकटा जातो, तुम्ही बसा. त्यांनी ऐकलं नाही. दारात उभं राहून ते आधी श्वास जुळवत आणि मग एकच वाक्य बोलत, "चुकीचा माल गेलाय, माघारी द्या." गलाईत हीन सोनं चुकून गिऱ्हाइकाकडं गेलं तर असंच म्हणत दारात जावं लागतं. त्यांनी माझं नाव कुठंही घेतलं नाही.

"देवाला दिल्याली वात माघारी मागताय व्हय?" एका घरी म्हातारीनं विचारलं. "ह्येच बघायचं ऱ्हायलं हुतं."

"इषारी हाय ती, आजे."

"देवाला काय इष चढतंय?"

"देवाला न्हाई, तुला चढंल. आन हिकडं."

सगळ्या मिळाल्या. आईनं आठवून आठवून आकडा सांगितला होता आणि तो जुळला. त्या आणि आमच्या देव्हाऱ्यातल्या आम्ही पाण्यात भिजवून एका डब्यात घातल्या. घरी उरलेला दोरही त्यातच. राहिल्या त्या रुखवतातल्या पाच. आबांना एसटीचा प्रवास झेपणारा नव्हता. "तू फलटणला जा," ते म्हणाले. "त्या पाच आल्या की डबा बंद करू."

विटा, दहिवडी करत मी दुपारी पोचलो. काकूंच्या मुलीचं घर उसाच्या मळ्याला लागून होतं. सासूबाईंनी बाजेवर बसवलं, चहा केला. समोर कोनाड्यात देव होते आणि निरांजन तेवत होतं.

"बघितली का वात?" सासूबाई म्हणाल्या. "आमच्या धाकटीनं म्हायेरनं आणल्याली. चार म्हैनं झालं, तीच हाय. पोरगी लक्ष्मीच्या पायाची निघाली. न्हाईतर आमची थोरली. आली आन म्हैन्यात म्हस मेली." थोरली सून तिथंच पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिनं मान वर केली नाही.

मी चहा घेतला. वाक्य तयार होतं, आबांनी शिकवलेलं, चुकीचा माल गेलाय. ते मी बोललो असतो तर त्या घरात त्याचा अर्थ एकच निघाला असता, की धाकटीनं माहेरून विष आणलं. हे खरं कारण होतं की नाही, मला अजून सांगता येत नाही. दिवाळीतही माझ्याकडं कारण होतंच.

मुलगी मला उंबऱ्यापर्यंत सोडायला आली. "दादा, आईनं काय सांगावा धाडलाय?"

"काही नाही. इकडं काम होतं."

दुसऱ्या दिवशी कॉलेजात उरलेल्या दोराच्या मी स्वतः पाच वाती वळल्या, तेलात बुडवून टोकं पेटवून काळी केली आणि घरी नेल्या. आबांनी त्या मोजून डब्यात टाकल्या.

"पोरगी काय म्हणाली?"

"लगेच दिल्या."

"शानी हाय ती." त्यांनी डब्यावर झाकण बसवलं आणि मी त्याच्या कडेनं सिमेंट लिंपलं. काकूंनीही विचारलं. त्यांनाही मी तेच सांगितलं.

पुढच्या आषाढात आबा गेले. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं की ही गलाईची छाती, दोराचा इतक्या लवकर काही संबंध नाही. मी तीनदा विचारलं, त्यांनी तीनदा तेच सांगितलं. शेवटच्या आठवड्यात आबांना बोलायला श्वास पुरत नसे. एकदा त्यांनी मला जवळ बोलावलं. "समद्या आल्या न्हवं?" मी म्हटलं, "आल्या, आबा." ते डोळे मिटून पडले.

तेराव्याला काकूंची मुलगी फलटणहून आली. आईच्या शेजारी बसून रडली. मग आईचं मन दुसरीकडं वळवायला म्हणून, डोळे पुसत म्हणाली, "मामी, मामांच्या दोराची वात अजून तश्शीच हाय बरं. सासूबाय रोज तीच लावत्यात. मी सांगते समद्यांला, आमच्या मामांच्या हातची हाय."

काकूंनी माझ्याकडं पाहिलं. आईनंही पाहिलं. स्वयंपाकघरात बायका पानं वाढत होत्या, तिकडं भांड्यांचा आवाज चालला होता.

माणसं गेल्यावर आई म्हणाली, "बरं झालं, तुझ्या आबांस्नी ह्ये ऐकावं लागलं न्हाई."

मी काहीतरी सांगायला लागलो. म्हशीचं, थोरल्या सुनेचं. तिनं हात वर करून मला थांबवलं.

"सकाळची गाडी कितीला हाय?"

सुतकाचं लुगडं बदलून ती माझ्याबरोबर निघाली. फलटणला त्याच बाजेवर आम्ही दोघं बसलो. चहा यायच्या आधीच तिनं सासूबाईंना सांगितलं, "वाती मी वळल्या. त्यातला दगड वंगाळ निघाला. तुमच्या सुनंला काय बी ठावं न्हवतं, चूक माझी हाय." त्या बाईंनी खूप बोलून घेतलं. विधवेनं तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या देवापुढं येऊन वात विझवायची म्हणजे काय, हेही बोलल्या. आई ऐकत राहिली. मग उठून कोनाड्यापाशी गेली, ज्योतीवर फुंकर न मारता पदरानं ती विझवली आणि वात ओल्या फडक्यात गुंडाळली. रुखवताच्या वाटीतल्या चारही मागून घेतल्या.

मी बाजेवर बसून होतो. माझं नाव तिनंही घेतलं नाही.